तांबडा बावटा

२७ जानेवारी १९५६

झोप नाही. डोळे मिटले की फटफटी अंगावर येते!

काल मांडवीच्या पुळणीवर, समुद्रकाठच्या वाळूत, फटफट्यांची शर्यत होती. मी शाळेतला ड्रिल मास्तर, म्हणून वळणावरचा बावटा माझ्या हातात. तांबडा हलला की थांबायचं — सगळ्या स्वारांकडून आधी घोकून घेतलेलं. पुढे एक फटफटी आडवी झाली, मी बावटा हलवला. बाकीचे थांबले. जयगडचा जमाल, इथल्या गॅरेजात असतो तो, त्याने हँडल वळवलं आणि सरळ माझ्यावर! मी उडी मारली म्हणून वाचलो. तो मागच्या पालथ्या होडीवर आदळला. नडगीचं हाड मोडलं.

एवढी पुळण मोकळी होती. माझ्याकडेच का?

३० जानेवारी

शर्यतीचा सेक्रेटरी रघू म्हणतो, "प्यायला असणार." शिंचा! जमालचं डोकं मीच मांडीवर घेतलं होतं, वासबीस काही नव्हता. "मग तुमच्यावर राग असेल, मास्तर." अरे, ओळख तरी होती का आमची?

९ फेब्रुवारी

इस्पितळात जाऊन जमाललाच विचारलं. "काय ठाऊक, मास्तर. बावटा दिसला नि बरं वाटलं."

बरं वाटलं! हे काय उत्तर झालं? घरी येईपर्यंत डोक्यात तेच.

१० फेब्रुवारी

शाळेत चिडवतात — "लाल बावटेवाले, पक्ष कधी बदललात?" चिडवा लेको.

८ एप्रिल

प्लास्टर काढलं. हाड जुळलंय, पण जमाल पाय टेकतच नाही. "परत मोडंल." भिंतीकडे तोंड करून पडलेला. डॉक्टरांनी मला बाजूला घेतलं — आता चालला नाही तर पाय असाच आखडून जाईल. पंचविशीतला पोरगा!

११ एप्रिल

त्याची आई ताजबी जयगडहून आलीय. तिलाही विचारलं — बावटा हलवला तर हा माझ्याच अंगावर का आला? ती म्हणाली, "हलवलात कसा, ते दाखवा बघू." मी टॉवेल घेतला — दोन्ही हातांनी, डोक्यावरून, असा. बघतच राहिली.

"या अल्ला! हा तं माजाच हात!"

जमाल लहानपणापासून बापाच्या होडीवर. खाडीच्या तोंडाशी खडक. होडी परतताना दिसली की ताजबी किनाऱ्यावर उभी राहून आपली तांबडी ओढणी हलवायची, अशीच. त्याला सांगून ठेवलेलं, "ओढणीवर नजर ठेव नि सरल ये — खडक लागायचा नाय."

म्हणजे मी थांब म्हणत होतो आणि त्याला दिसत होतं — ये! घोकलेलं सगळं त्या वेगात पुसून गेलं असणार. किती सोपं, आणि अडीच महिने मी डोकं खाजवतोय!

१२ एप्रिल

बावटा पिशवीतून नेला. जमालला कुबडीवर उभं केलं. ताजबी बावटा घेऊन व्हरांड्याच्या त्या टोकाला जाऊन उभी राहिली. दोन्ही हातांनी, डोक्यावरून.

जमालने कुबडी सोडली. सरळ आला.