पयले मले शिकव

अड्याळ, गुरुवार संध्याकाळ

केस अजून ओलेच आहेत, तशीच लिहायला बसलेय.

मागच्या वर्षी शेजारच्या सुनंदाची पोरगी गावच्या तलावात बुडाली. तेव्हापासून डोक्यात एकच आहे, गावातल्या पोरींना पोहायला शिकवायचं. मला येतं, लहानपणी बाबांनी शिकवलेलं. पण वर्षभर मी नुसती ठरवतच राहिले. आज जेवताना घरी बोलले, तर सासूबाई म्हणाल्या, "कोणाच्या पोरीले काही झालं त गाव तुले जिती ठेवन का?"

खरंच माझ्या हातून कोणी निसटलं तर?

दुपारी सुनंदा दारात आली. आमचं बोलणं भिंतीपलीकडे तिला ऐकू गेलं होतं. म्हणाली, "पोरीइले मंग शिकव. पयले मले शिकव."

"तुले? काहून?"

"तिले काढाले पाण्यात जाता नाई आलं मले. काठावरच उभी होती मी."

काठावरच. हे मला ठाऊक नव्हतं. आणि वर्षभर मी तरी कुठे होते? काठावरच की.

पाच वाजता दोघी तलावावर गेलो. कमरेइतक्या पाण्यात तिनं माझं मनगट इतकं घट्ट धरलं की नखं रुतली. "सोडू नोको," म्हणत होती. मीही घाबरले होते, तिला दिसू दिलं नाही. शेवटी तिनं श्वास रोखून तोंड पाण्यात घातलं, वर येऊन खोकली, आणि मी पुरे म्हणायच्या आत पुन्हा घातलं.

परतताना गल्लीतल्या बायांना तिनंच सांगितलं, "उद्या पाचले आपापल्या पोरी धाडा." मला विचारलंसुद्धा नाही.

मी नाही म्हटलं नाही.