बारापर्यंत

४ नोव्हेंबर
दिघोरीत पोचले. भंडाऱ्याहून एसटीने, मांडीवर मशीनचं खोकं सांभाळत. शेजारच्या सीटवरच्या काकूंनी गाव विचारण्याआधी लग्नाची चौकशी केली. धानाची कापणी चालू आहे, सगळी माणसं शेतातल्या बांध्यांत. घरमालकीण देवकाबाईंनी माडीवरची खोली दिली. एक बाज, एक खिळा, बाकी मी. कराडहून इतक्या लांब नोकरी कशाला, असं त्यांनी दोनदा विचारलं. तिथे तरी कोण होतं माझी वाट पाहायला, हे मी सांगितलं नाही.

काम मात्र आवडीचं आहे. झोपेत ज्यांचा श्वास थांबतो अशा मुलांना आमची संस्था मशीन देते. मास्कमधून हवेचा दाब येतो आणि गळा उघडा राहतो. मी घरोघरी जाऊन मास्क नीट बसवायचा, मशीनच्या कार्डावरची रात्रीची नोंद लॅपटॉपवर बघायची.

६ नोव्हेंबर
पहिली भेट तेजरामभाऊंच्या गुड्डीची. सात वर्षांची, पुढचे दोन दात पडलेले. गळ्यातल्या गाठी वाढल्यात. ऑपरेशन जानेवारीत, तोवर मशीन. मास्कला ती हत्तीचं नाक म्हणते आणि मला हत्तीवाली बाई. मान्य आहे.

तिची आई शकुनबाई यांनी चहाबरोबर सगळी हकीकत सांगितली. मशीन येण्याआधी दोन वर्षं गुड्डीची आजी, सत्यभामाबाई, रात्रभर उशाशी बसायची, नातीच्या छातीवर हात ठेवून. "श्वास थांबला का बुढी बारापर्यंत मोजे, मंग हलवून उठवे." मशीन आलं तेव्हा घरात सगळे खूश, आजी सोडून. आता माझं काय काम, असं म्हणाली आणि पंधरा दिवसांत गेली. ऐकून फार वाईट वाटलं.

नोंद मात्र पटेना. मास्क चोख, हवेची गळती नाही, तरी तासाला चौदा वेळा श्वास थांबतोय.

८ नोव्हेंबर
चूक सापडली असावी. आजी ज्यावर बसायची तो लाकडी पिढा अजून उशाशीच आहे, आणि हवेची नळी त्याच्या पायाखाली दबते. वीतभर उंच, बसून बसून मध्ये गुळगुळीत झालेला. तो हलवायची कुणाची हिंमत झाली नव्हती. मीच काढा म्हटलं. शकुनबाईंनी पिढा पदराने पुसला आणि म्हणाल्या, "तुमच्या खोलीत बसाले काही नाही म्हणता ना ताई, तर घेऊनच जा." संस्थेच्या स्कूटीवर पायांशी ठेवून आणला. त्यावर बसून आज पहिल्यांदा नीट जेवले.

११ नोव्हेंबर
गुड्डीची नोंद तासाला एक. तेजरामभाऊंनी पिशवीभर शेंगा दिल्या. ऑफिसला फोन करून सांगितलं, तर साहेब फक्त बरं म्हणाले. शाबासकी द्यायलाही मीच.

माझी झोप पुरत नाही. सकाळी छाती जड असते. रात्री कुणीतरी हलवून उठवल्यासारखं वाटतं. खरं लिहायचं तर ते मला आवडलं. आई गेल्यापासून मला कुणी उठवलेलं नाही.

१४ नोव्हेंबर
पिढा रात्री दाराशी ठेवते. सकाळी तो माझ्या उशाशी असतो. देवकाबाईंना विचारलं, पण गुडघ्यांमुळे त्या जिना चढतच नाहीत.

छातीवर हात असतो. हलका, खरखरीत. झोपेत मी त्यावर माझा हात ठेवला, काढला नाही.

१६ नोव्हेंबर
रोग्यांचा रोग मलाच लागला म्हणून हसले आणि जवळचं जादा मशीन लावून झोपले. सकाळी नोंद पाहिली. तासाला चौदा. प्रत्येक वेळी बरोबर बारा सेकंद.

आजारात असं होत नाही. कधी नऊ, कधी तीस. गुड्डीच्या जुन्या नोंदी काढल्या. तिथेही बारा. आजी गेल्यापासून पिढा त्या घरात होता तोवर सगळे बारा.

नळीचा दोष नव्हता. श्वास थांबला म्हणून म्हातारी आता हात ठेवत नाही — ती हात ठेवते म्हणून तो थांबतो. मग मोजते, मग उठवते. तिला काम हवं आहे.

१७ नोव्हेंबर
पिढा गोठ्यात टाकून आले. सकाळी उशाशी. जाळायला काडी ओढली — छातीवर हात आला, काडी खाली पडली.

आज तासाला तीस. आणि बारा आता बारा सेकंदांचे नाहीत. वीस सेकंदांचे. सावकाश मोजते.

एसटी धरून निघून जाता येईल. पण मी गेले की ती कुणाकडे जाईल, हे मला माहीत आहे.

१८ नोव्हेंबर
शकुनबाईंचा फोन. "गुड्डीले आजीची लय आठवण येऊन राहिली. उद्या हे येतील पिढा घ्याले." नको म्हणायला तोंड उघडलं — हवाच नव्हती. त्यांनी बरं ताई म्हणून ठेवून दिला.

जिना उतरायला गेले. तिसऱ्या पायरीवर बसले. भर दुपारी. मी जागी होते — आणि हात होता.

१९ नोव्हेंबर, सकाळ
तेजरामभाऊ, वही उघडी ठेवते आहे. आधी हे वाचा. पिढा घरी नेऊ नका. सोबत माणसं घ्या, इथेच अंगणात जाळा. गुड्डीला मशीन पुरेसं आहे. मास्क रोज —

बसली आहे. मोजते आहे. मीही तिच्याबरोबर. दहा — अकरा — बारा —

हलवत नाही —

तेरा — चौदा — पं