एकही चूक नसलेला बॅनर

१३ जानेवारी २०२५, नांदेड
आजपासून रोजनिशी. संकल्प दोन. एक, मॅथ्स-थ्रीचा रोज एक धडा. दोन, आप्पांना फोनवर खरं सांगून टाकायचं. दुसरा परिस्थिती पाहून.

माझी स्थिती तशी वाईट नाही. आप्पांच्या समजुतीप्रमाणे मी इंजिनिअरिंगच्या चौथ्या वर्षाला आहे. प्रत्यक्षात दुसऱ्या वर्षाला मॅथ्स-थ्रीत दोनदा अडकलो आणि ॲडमिशन गेलं, एवढाच फरक. बाकी सगळं चालू आहे. जुना वर्गमित्र संगमेशच्या रूमवर राहतो. गळ्यात आय-कार्ड असतं (वर्ष दिसू नये म्हणून उलटं). कॉलेजच्या प्रत्येक बॅनरचं प्रूफ मीच तपासतो. कोणी रोबोटिक्समध्ये जिंकलं, कोणी गेटची परीक्षा काढली, की 'हार्दिक अभिनंदन' माझ्या नजरेखालून जातं. माझ्याशिवाय या कॉलेजचं यश पूर्ण होत नाही.

२१ जानेवारी
कॅम्पस इंटरव्ह्यू झाले. मी खुर्च्या मांडल्या, पाण्याचे जार भरले, पोरांना रांगेत बसवलं. पुण्याच्या कंपनीच्या मॅडम म्हणाल्या, तुम्ही नसता तर आमचे हाल झाले असते. सर्वांसमोर म्हणाल्या. पंधरा जणांची निवड झाली. संगमेशचीही. त्याने मला मिठी मारली ती गरजेपेक्षा जास्त वेळ होती.
मॅथ्स-थ्री: पुस्तक टेबलावर काढून ठेवलं.

२२ जानेवारी
आप्पांचा फोन गावाहून, लातूरजवळच्या मुरुडहून, दुकानातूनच. मागे गिऱ्हाइकांचा गलका. विचारलं, कंपनी आल्ती म्हणं, तुझं काय झालं बाबा? मी म्हणालो, मॅडम माझ्यावर खूश होत्या. हे शब्दशः खरं आहे. आप्पा म्हणाले, मंजे झालंच की रे! मी गप्प राहिलो. गप्प राहणं म्हणजे खोटं बोलणं नव्हे. मागून धाकटी बहीण वर्षाराणी ओरडली, दादा, पगार किती? ती यंदा बारावीला आहे, तिला सगळ्याची घाई. रेंज जात आहे असं सांगून फोन ठेवला.

२५ जानेवारी
आप्पांच्या सांगण्यावरून मुरुडच्या फ्लेक्सवाल्याने मोबाइलवर प्रूफ पाठवलं. वर माझा बारावीतला फोटो. 'अभीयंता अमरेश मलप्पा हलकुडे यांची पुणे येथील नामांकीत कंपनीत निवड'. खाली शुभेच्छुक म्हणून आप्पा, श्रीशैलकाका आणि सकल समाज बांधव.

पाहून घाम फुटला. दोन शब्द चुकलेले, फोटो तिरपा, आप्पांच्या नावाची अक्षरं काकांच्या नावापेक्षा लहान. सगळं नीट कळवलं. त्याने नवं प्रूफ पाठवून विचारलं, छापू का? तीनदा वाचलं. बॅनरवर आता एकही चूक नव्हती. 'ओके' पाठवलं.

नंतर लक्षात आलं की थांबवताही आलं असतं. पण मी थांबवत बसलो असतो आणि त्याने घाईत जुनंच छापलं असतं तर?

२९ जानेवारी
संगमेशने कोणाच्या तरी स्टेटसवर बॅनर पाहिला. म्हणाला, अम्र्या, काय करून राहिलास बे? आत्ता फोन लाव आप्पांना, न्हाई तर मी लावतो. मी समजावलं, बॅनर थोडा आधी लागला आहे, इतकंच. जूनपर्यंत मी तसा होईनच. तो म्हणाला, कोणत्या जूनपर्यंत? हा प्रश्न मला आवडला नाही. फोन मीच लावणार असं वचन देऊन त्याला गप्प केलं.

६ फेब्रुवारी
लावायच्या आत आप्पांचाच फोन आला. गॅदरिंगला येणार आहेत. सोबत समाज मंडळाचे अध्यक्ष श्रीशैलकाका, आणि शाल. स्टेजवर माझा सत्कार करायचा आहे, सरांना विचारून ठेव म्हणाले. मी म्हणालो, गर्दी लई असते आप्पा. ते म्हणाले, हाव, म्हणूनच की.
योजना: (अ) ताप येणे. (ब) आधीच खरं सांगणे. (ब) उत्तम आहे. उद्या.

१४ फेब्रुवारी
(ब) राहून गेलं. (अ) साठी आता उशीर झाला.
निवड झालेल्या पंधरा जणांचा बॅनर तपासला. शेवटच्या ओळीत एक फोटो मावेल इतकी जागा उरत होती. बराच वेळ पाहत बसलो. मग तिथे कॉलेजचं बोधचिन्ह टाकायला सांगितलं.

१५ फेब्रुवारी
गॅदरिंग.
आप्पा दुसऱ्या रांगेत, इस्त्रीचा सदरा, मांडीवर पिशवी. मी पडद्याआडून हार पुढे देत होतो. प्रत्येक नावाला आप्पा खुर्चीतून थोडे उठत आणि परत बसत. पंधरा नावं झाली. काका म्हणाले, मलप्पा, पोराचं नाव गाळलं की काय यांनी? आप्पा उठले ते थेट स्टेजच्या पायरीपाशी. कार्यक्रम चालवणाऱ्या सरांशी भांडायला. माझ्या पोरावर अन्याय झालाय म्हणाले.

सर हसून म्हणाले, अमरेश? आपला बॅनरवाला? अहो, त्याचं ॲडमिशन गेल्या वर्षीच गेलं. पण लई कामाचा पोरगा हाय.
आप्पा म्हणाले, हाव सर. कामाचा हाय.

काका म्हणाले, शाल परत कशाला न्यायची, हा संगमेश उदगीरचा, आपल्याच समाजाचा की. संगमेश घेईना. मागे सरकत होता. आप्पाच त्याला म्हणाले, घे बाबा, तुझ्या बापाला बरं वाटंल. काकांनी शाल घातली. आप्पांनी सत्काराचं ताट धरलं.
मला बाहेर भेटले तेव्हा एवढंच विचारलं, जेवलास का?

१ मार्च, मुरुड
दुकानात बसतो. तात्पुरतं. जूनमध्ये पुन्हा पाहू.
आप्पा मला काही बोलत नाहीत. वर्षाराणी बोलते. तिला लातूरला नर्सिंगला जायचं आहे. परवा विषय काढला तर आप्पा तिला म्हणाले, शिकून कोणाचं काय झालं? बोलताना माझ्याकडे पाहिलंही नाही. ती आत जाऊन रडली. बाहेर येऊन मला म्हणाली, दादा, तू निदान नापास झालास तरी. मला जाऊच देईनात.

चौकातला बॅनर आप्पांनी स्वतः शिडी लावून उतरवला, असं ती सांगते. आता तो गोदामात गुळाच्या ढेपांवर पांघरला आहे, छापलेली बाजू आत. आज ढेप काढताना एक कोपरा उलटला. सवयीने सगळा उलगडून वाचला.

एकही चूक सापडली नाही. होता तसा झाकून ठेवला.