हॅरिससाहेबांची टीम आणि आपली

मनामा, बहारीन
जानेवारी १९९६

प्रिय आई,

देवाच्या दयेने मी मजेत आहे आणि वेळेवर जेवतो, तेव्हा आधी तो घोर सोड.

आमच्या हॉटेलात राहणारे हॅरिससाहेब अमेरिकन फुटबॉलचे वेडे आहेत. त्यांच्याकडे चेंडू हातात धरून पळतात आणि त्याला फुटबॉल म्हणतात! पगारी खेळाडूंची मॅच लागली की साहेब पेपर वाचत बसतात. पण त्यांच्या जुन्या कॉलेजच्या मॅचची कॅसेट घरून आली, की हा साठीचा माणूस कॉलेजच्या गाण्याला उभा राहतो.

मी विचारलं, "तुम्ही खेळायचात?"

"छे, मी बँडमध्ये ढोल वाजवायचो. पगारी खेळाडू उद्या दुसऱ्या टीमकडे जाईल. ही पोरं माझ्या बाकावर बसून शिकतात."

मला लगेच पटलं. आपल्या चर्चची, पॅरिशची फुटबॉल टीम हरल्याचं कळलं, की माझ्याही घशाखाली घास उतरत नाही.

शुक्रवारी मी त्यांना तू पाठवलेली नाताळच्या टुर्नामेंटची कॅसेट दाखवली. आपल्या सॅबीने पेनल्टी बाहेर मारली, तरी साहेब उभे राहून टाळ्या वाजवत होते. मग हळूच म्हणाले, "तुझा भाऊ लंगडतोय. गुडघा दुखावलाय त्याचा."

ते मलाही दिसलं होतं. पत्रात मात्र तुम्ही कुणीच लिहिलं नाहीत. त्याला डॉक्टरकडे नेलंस का? बाबांचा खोकलाही खरंच थांबलाय ना?

खरं काय ते कळव. साहेब रोज लिफ्टमध्ये सॅबीची चौकशी करतात, "आपला गुडघा कसा आहे?"

तुझा,
आलोशियस