दोरवाला आणि रविवारचा जनाना खेळ

५ जानेवारी १९५८, रविवार. यवतमाळ
काल संध्याकाळी थेटरचा टांगा ढोल बडवत फिरला : 'उद्या दहा वाजता जनाना खेळ!' गेले. चित्रपट इंग्रजी असला की मी मधल्या रांगेत उभं राहून बायकांना गोष्ट सांगायची, हे थेटरच्या शेठजींनी वर्षभरापूर्वी गळ्यात घातलेलं काम. तिकीट माफ.

आज मी गप्प झाले. राजाचा एक पहारेकरी दोराने बुरुजावर चढतो. पांढरी विजार, अंगावर दुसरी कातडी असावी तशी. दोर ओढताना खांद्यापासून टाचेपर्यंत एक रेघ उठत गेली. मांडी, पाठ, मान, सगळं एका कामाला लागलेलं. बारा वर्षं साप्ताहिकात लिहिते, दर गुरुवारी बाराच्या आत मजकूर. शब्द सुचला नाही असं झालं नव्हतं.

मागून कुणीतरी, "सांगा ना बाई, काय करून राह्यला तो?"
शेजारून गजरा शिंपीण, "सांगाले कायले पाह्यजे? डोये नाईत का तुले?"
थेटर हसलं. मग सगळ्यांच्या माना वर, पडद्याकडे. 

६ जाने.
गजरा सकाळीच ओट्यावर. (शेजारची शिंपीण. दुकान नवऱ्याचं, मशीन हिची.) रात्रभर तिला झोप नाही म्हणे.
"बाई, त्याच्या तुमानीले शिवण कुठी हाय? एवढा वाकला, एवढा चढला, एक टाका नाई उसवला. उरेब, तिरपं कापलं असन कापड. नाईतं अंगावरच शिवलं असन."
थोड्या वेळाने, हळू आवाजात, "ज्यानं माप घेतलं असन त्याचं नशीब पाहा."

१२, रवि.
थेटर भरलं. कापसाच्या जिनातल्या बायका, नेरहून पहिल्या एस.टी.ने आलेल्या पाचसहा. नटाचं नाव कुणाला उच्चारता येत नाही. तो 'दोरवाला' झालाय. बुरुजापर्यंत गोष्ट सांगितली आणि खाली बसले. कुणी विचारलं नाही. पुढच्या रांगेतल्या एका म्हातारीने हात जोडले. कुणी हसलंही नाही.

१४. संक्रांत
घरी हळदीकुंकू. तिळगूळ हातात, विषय एकच.
"तुमान घातली का रंगवली हो?"
"तुले काय, रंगारीन व्हाचं हाय का?"
आतल्या खोलीत हे मुद्दाम खोकले. बायका गेल्यावर पाहिलं तर आरशासमोर उभे, पोट आत घेऊन. मी पाहिलं नाही असं केलं.

१७, शुक्र.
तात्यांनी (आमचे संपादक) कचेरीत बोलावलं. गावातल्या काही प्रतिष्ठितांचं पत्र आलंय : चित्रपट बीभत्स, बायका बिघडतात, जनाना खेळच कायमचा बंद करा. शेठजी घाबरलेत. पंचवीसच्या अंकात मी सहीनिशी बाजू घेतली तर खेळ चालू, नाहीतर बंद.
तात्या, "वहिनी, ऐतिहासिक आहे, बोधप्रद आहे, एवढं लिहा. दहा मिनिटांचं काम."
खरं आहे. दहाच मिनिटांचं.

१९, रवि.
तिसरा आठवडा. त्या पत्राचं कुणाला माहीत नाही. जिनातली एक म्हणाली, "हप्ताभर कापूस नाकातोंडात जाते बाई, रविवारी हे एवढं." 

२०
मजकूर लिहिला. चांगला उतरला. गजराला वाचून दाखवला.
"बोधप्रद म्हंजे?"
"शिकायला मिळतं असं."
"आपन शिकाले गेलतो?"
"खरं लिहिलं तर खेळ बंद होईल, गजरा."
"अन् खोटं लिहिलं तं चालू राहीन. पन मंग आपन तिथं मान खाली घालून बसाव. मान खाली घालून दोरवाला कसा दिसन?"


२२, बुध.
कागद फाडला. पुन्हा लिहिते आहे. पुरुष आखाड्यात जाऊन घडीव अंगं पाहतात, वाहवा करतात. तिथे आम्हाला मज्जाव. लग्नाला सव्वीस वर्षं झाली. सगळा संसार चिमणी विझल्यावरचा. यांच्या पाठीवर तीळ आहे का, मला सांगता येणार नाही. हे अर्थात मजकुरात नाही. मजकुरात एकच वाक्य महत्त्वाचं : 'माणसाचं शरीर इतकं सुंदर असू शकतं हे आम्ही उजेडात पहिल्यांदा पाहिलं, आणि पाहून आम्हाला लाज वाटली नाही, नवल वाटलं.'
यांना दाखवलं. दोनदा वाचलं. म्हणाले, "सही नीट कर. वळणदार."

२३, गुरु.
पावणेबाराला दिला. तात्यांनी उभ्याने वाचायला घेतला, मध्येच बसले. लाल पेन्सिल त्या वाक्यावर येऊन थांबली.
"हे राहू द्यायचं?"
"तेवढंच ठेवा हवं तर. बाकी काढा."
पेन्सिल कानामागे गेली. 

२५, शनि.
अंक आला. वाक्य आहे. सही आहे. दुपारी दोघीजणी रस्त्यात तोंड फिरवून गेल्या. जिनातली एक अंक घेऊन आली, "कुठी लिवलं हाय, बोट ठेवा." ठेवलं. वाचता येत नाही तिला. बराच वेळ त्या ओळीकडे पाहत राहिली.

शेठजींचा निरोप नाही. सहा वाजले. टांगा एरवी पाचला येतो. गजरा पायरीवर बसलीय, हातात कुणाचं तरी अर्धं शिवलेलं पोलकं, सुई चालत नाही. "काहून नाई आला अजून?" हे उद्याच्या झेंडावंदनासाठी टोपीला खळ लावत होते, तशीच ओली टोपी टाकून खिडकीशी गेले.

ढोल वाजतोय. वळणापलीकडे. माणूस ओरडतोयही, पण 'जनाना खेळ' म्हणतोय की दुसरंच काही, ते अजून कळत नाही