चौथी खोली

१४ मार्च

धाकट्या,

तुला ताईचे आशीर्वाद. पत्ता मावशीकडून मिळवला. गुडघे सोडले तर इथे सगळं ठीक. पत्र बघून दचकू नकोस, कुणी गेलेलं नाही.

बातमी अशी, की मी आपल्या लॉजसाठी दारूच्या परवान्याचा अर्ज केलाय. हस, पोटभर हस. पाहुणे संध्याकाळी बिअर मागतात आणि नाही म्हटलं की समोरच्या हॉटेलात जातात. गेला आठवडाभर सगळ्या खोल्या रिकाम्या आहेत. जेवताना रेडिओ लावते आणि निवेदकालाच उत्तरं देत बसते.

मंगळवारी इन्स्पेक्टर आला, माणूस सभ्य. नियम त्याने दोनच सांगितले. पाहुण्यांसाठी निदान चार खोल्या हव्यात, आणि रजिस्टरात नाव असलेल्या मुक्कामी पाहुण्यालाच दारू द्यायची. तीन खोल्या बघून तो तुझ्या दाराशी आला. कुलूप मीच काढलं. आत तुझ्या चपला, खुंटीला तुझा शर्ट, इस्त्री केलेला. चादर दर सोमवारी बदलते. का, ते विचारू नकोस.

"इथे कोण राहतं?" त्याने विचारलं.

"पाहुणे आहेत. बाहेर गेलेत," मी बोलून गेले.

रजिस्टरात नाव दिसत नाही म्हणाला, तर त्याच्यादेखत तुझं नाव लिहिलं. जन्मभर लोकांना खरेपणाचे डोस पाजणारी मी! येत्या गुरुवारी तो पुन्हा येणार आहे. पाहुणे भेटले तर उत्तम, नाहीतर खोली रिकामी करून दाखवा, म्हणालाय. दोनदा खोकं घेऊन आत गेले. शर्टाला हात लावता आला नाही.

बाबांनी दारूपायी आईचे काय हाल केले ते मी पाहिलंय, तू पाळण्यात होतास. तू मागच्या पायरीवर बसून गुपचूप एक ग्लास घ्यायचास, मला त्यात बाबाच दिसले. मी बाटली मोरीत ओतली आणि तुला म्हणाले, "त्यांच्याच वळणावर गेलास, चालता हो." चार वर्षं झाली. तू त्यांच्यासारखा कधीच नव्हतास. चूक माझी होती, धाकट्या.

गुरुवारी ये. परवाना मिळालाच, तर नियमाने पहिला ग्लास तुलाच द्यावा लागेल, घरात दुसरा पाहुणाच नाही. आणि नाही मिळाला तरी ये.

तुला 'चालता हो' म्हणालेली,
तुझी ताई