मैदानावरची लंका

बाई, तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली की आता तुमच्यावर रागावलं तरी चालेल असं वाटतं. तुम्ही असताना माझी तेवढी छाती झाली नसती. शाळेच्या स्वयंपाकखोलीत बसून लिहिते आहे. भांडी घासून पालथी घातली आहेत, मुलं वर्गात आहेत, आणि परीक्षेच्या उरलेल्या कोऱ्या उत्तरपत्रिका इथल्या शाळेतल्या मॅडमनी मला दिल्या होत्या त्यांच्यावर हे चाललं आहे. मी इथं खिचडी शिजवते. किल्लारीच्या अलीकडचं गाव, भूकंपानंतर नव्यानं वसवलेलं, सरळ रस्ते आणि एकासारखी एक घरं. पाव्हण्याला अजूनही आमचं दार सापडत नाही. तुम्ही मला शेवटचं पाहिलंत ते भोकरजवळच्या आपल्या गावात, नववीत असताना, हळदीनं पिवळी झालेली. तुम्ही गेल्याचं मला वर्षभरानं कळलं, नांदेडला बहिणीकडे गेले होते तेव्हा. बहीण भाजी निवडता निवडता सहज म्हणाली आणि मीही सहज ऐकलं असं दाखवलं.

तो तास तुमच्या लक्षात असण्याचं कारण नाही. तुम्ही असे कितीतरी तास घेतले असतील. कबड्डीचं मैदान आखायची फक्की उरली होती. तुम्ही पदर खोचलात, वाकून मैदानावर लंका काढलीत, वर निमुळती आणि खाली फुगीर, आंब्याच्या आकाराची. मधोमध दोन घमेली माती ओतून डोंगर केलात. आम्हा चौघींना त्या ढिगावर दाटीवाटीनं उभं केलंत आणि नावं वाटून दिलीत. महावेली, केलनी, काळू, वळवे. लंकेतल्या मोठ्या नद्या. तिकडे नदीला गंगाच म्हणतात असं तुम्ही सांगितलंत, महावेली गंगा, केलनी गंगा, पण आम्हाला त्याचं काही नवल वाटलं नाही, कारण आमच्या आज्याही गोदावरीला गंगाच म्हणायच्या. नांदेडला जाऊन आलेली बाई गंगेवर जाऊन आले म्हणूनच सांगायची. मग तुम्ही शिट्टी वाजवलीत, "वाहा!" म्हणालात, आणि आम्ही चौघी एकमेकींना ढकलत एकाच बाजूला पळत सुटलो. पूर्वेला.

तुम्ही हसून हसून खालीच बसलात. डोळे पुसत विचारलंत, "अगं, सगळ्या तिकडंच का?" वळवे झालेली म्हणाली, "बाई, नदी तिकडंच जाती की!" आणि आम्हाला ते इतकं उघड वाटत होतं. गोदावरी तिकडे जाते, पैनगंगा तिकडे जाते, सहलीला इस्लापूरला नेऊन तुम्ही सहस्रकुंड दाखवलंत ते पाणीही पडून तिकडेच जात होतं, गावचा ओढासुद्धा पावसाळ्यात म्हशीच्या शेणासकट तिकडेच जायचा. दुसरीकडे जाणारी नदी आम्ही पाहिलीच नव्हती. तेव्हा तुम्ही आम्हाला जवळ घेऊन सांगितलंत की आपण जमिनीच्या पोटात राहतो, आपल्याकडे उतार एकाच बाजूला, म्हणून आपल्या नद्यांना निवड नाही. बेटाचं तसं नसतं. मधे डोंगर, भोवती समुद्र. कुठल्याही बाजूनं निघा, पुढे समुद्र आहेच. केलनीला तुम्ही पश्चिमेला तोंड करून उभं केलंत, कोलंबोकडे. काळूला नैर्ऋत्येला, वळवेला दक्षिणेला. मी महावेली. मला मात्र खांद्याला धरून कँडीचा वळसा, मग पूर्व, मग उत्तर असा सगळा रस्ता बोटानं दाखवलात आणि म्हणालात, "तू घाई करायची नाही. तुला सगळ्यांत लांब जायचंय."

बाई, पंधरा वर्षांच्या पोरीला असं काही म्हणू नये. तिला ते भूगोलाचं वाक्य वाटत नाही.

मी चालते आहे. केलनी आणि काळू केव्हाच समुद्रात पोचून फतकल मारून बसल्या आहेत. मी कँडीच्या वळणावर आहे, आणि फाटकातून माझे बापू मामाच्या गाडीवर मागे बसून येतात. चपला हातात घेतल्यासारखे ते मैदानाच्या कडेला उभे राहतात, पण फक्कीची रेघ ओलांडत नाहीत. "बाई, पोरीला न्यायला आलो. पावणे येऊन राहिले." तुम्ही म्हणता, "तास तरी संपू द्या." मामा म्हणतो, "लातूरकडून आलेत बाई लोक. त्यांला बसवून ठेवायचं व्हय?" तुम्ही माझ्याकडे बघता. मी तुमच्याकडे बघते. मला अगदी खात्री आहे की आता तुम्ही काहीतरी बोलणार. वर्गात चुकीचं उत्तर आलं तरी तुम्ही गप्प बसत नव्हता. तुम्ही म्हणालात, "जा. चपला घालून जा, फुपाटा तापलाय." मी गाडीवर मधे बसले, मामाच्या आणि बापूंच्या मधे. मागे वळून पाहिलं तर तुम्ही माझ्या जागी दुसरीला उभं केलं होतं आणि ती पूर्वेला वळली होती. जाण्याचं मला इतकं लागलं नाही, बाई. तास पुढे चालू राहिला, ते लागलं.

लग्नाला तुम्ही आलात. अक्षता टाकल्यात. खाकी कागदात बांधलेला नकाशासंग्रह माझ्या हातात दिलात आणि कानाशी म्हणालात, "शिकत राहा." कुठं, ते सांगितलं नाहीत. मला तेव्हा ते पुस्तक तुमच्या पायावर परत ठेवावंसं वाटलं होतं, पण हातात हिरव्या बांगड्या आणि कपाळावर बाशिंगाचं ओझं, त्यामुळे मी फक्त वाकून नमस्कार केला. तुम्ही आशीर्वाद दिलात आणि बुंदी खायला गेलात. हे मी तीस वर्षं मनात उगाळत आले आहे. हे चूक आहे हे बाकीच्यांना माहीत नव्हतं हो, बापूंना कुठं माहीत होतं. तुम्हाला माहीत होतं.

तुमचं काय होतं ते मलाही ठाऊक होतं, नाही असं नाही. तुमची खोली माझ्या चुलत्यांच्या माळवदात, भाड्याची. आई अंथरुणाला खिळलेली. एकटी बाई म्हणून गाव आधीच तुमच्या दिव्याकडे डोळे लावून बसलेलं. दुसऱ्या दिवशी खोली रिकामी करायला लावली असती तर आईला घेऊन कुठं गेला असता? हे सगळं मला तेव्हाही समजत होतं. पण समजलं म्हणून राग जातो असं थोडंच आहे.

इथं मी आले ती पत्र्याच्या शेडमध्ये. घरं अजून बांधून व्हायची होती. नवरा बिजवर, पहिली बायको भूकंपात गेलेली. माणूस वाईट नाही, हे आधीच सांगून टाकते, नाहीतर तुम्ही तेच विचाराल. वाईट नसलेल्या माणसाच्या घरातून निघायला कारणसुद्धा सापडत नाही. तो मारत नाही, पीत नाही, फक्त रोज संध्याकाळी माझा मोबाइल बघतो, कुणाला लावला, कुणाचा आला. पूर्वी मोबाइल नव्हते तेव्हा विहिरीवर किती वेळ लागला ते बघायचा. नकाशासंग्रहाची पानं सासूबाईंनी फडताळात अंथरली. लंकेचं पान हळदीच्या डब्याखाली आलं, आणि मी वर्षानुवर्षं भाजीला हळद घालताना डबा उचलून एकदा खाली बघायची. थोरला मुलगा दहावीला गेला तेव्हा मीही सतरा नंबरचा फॉर्म भरून बाहेरून दहावी झाले. नवरा म्हणाला, "आता काय कलेक्टर व्हायची हाय का?" पण निकालाच्या दिवशी पेढे त्यानंच आणले. असं आहे सगळं. धड रागावताही येत नाही.

आता मॅडमचं सांगते. दोन वर्षांपूर्वी आल्या, नांदेडकडच्या, त्यामुळे बोलणं कानाला आपलं वाटायचं. एकदा त्या आठवीला लंका शिकवत होत्या आणि कुणालाच नद्या सांगता येईनात. मी दाराशी तांदूळ निवडत होते. तोंडातून आपोआप गेलं, "महावेली, केलनी, काळू, वळवे." वर्ग खो खो हसला. मॅडम हसल्या नाहीत, त्यांनी मला आत बोलावलं. दुसऱ्या दिवशी मी चुलीतली राख घमेल्यात घेऊन मैदानावर लंका काढली, बाई. जरा वाकडी झाली. पोरींना नद्या करून सोडलं, तर त्याही सगळ्या एकाच बाजूला पळाल्या.

त्यांत एक पोर आहे, माझ्याकडे पातेल्याच्या बुडाची खरवड मागायला येणारी. तिचा चुलता शाळा समितीचा अध्यक्ष. माझ्या नवऱ्याचा तो मावसभाऊ, आणि मला इथं कामाला लावलं तेही त्यानंच. पोर एक दिवस ताटली पुढे करून म्हणाली, "मावशी, मंगळवारी माझी हळद हाय. येणार न्हवं?" मी विचारलं, "तुला करायचं हाय का?" ती खरवड चावत म्हणाली, "मला कोण इचारलंय?" चौदा पूर्ण व्हायची आहे ती. त्या रात्री, दुसऱ्या रात्री, मी काही जागी वगैरे राहिले नाही. कामाची दमणूक असते, झोप लागते. पण ज्या भिंतीला पाठ लावून मी रोज तांदूळ निवडते, तिच्यावर मोठ्या अक्षरांत एक नंबर रंगवला आहे, असं लग्न होत असेल तर कळवा म्हणून. त्या भिंतीला मला पाठ लावता येईना.

सोमवारी मी मॅडमना म्हटलं, "पोराला एक फोन लावायचाय, माझ्यातलं बॅलन्स संपलंय." त्यांनी न विचारता मोबाइल दिला. मी हापशाच्या मागे जाऊन तो नंबर लावला. गाव सांगितलं, घर सांगितलं, वय सांगितलं. पलीकडची बाई म्हणाली, तुमचं नाव? मी म्हटलं, नाव नका विचारू. मंगळवारी सकाळी मांडवात सरकारी जीप आली. हळदीची वाटी तशीच राहिली. बापानं लिहून दिलं, अठरा होईपर्यंत लग्न करणार नाही. आठवड्यानं पोर शाळेत आली. कुणाशी बोलत नाही, पण येते, जेवते.

गावानं मॅडमवर ठपका ठेवला. दुसरं कुणाला सुचणारही नव्हतं. नवीन बाई, बाहेरची, वर्गात मुलींना मोठं व्हायला सांगणारी. अध्यक्ष मधल्या सुट्टीत येऊन सगळ्या मुलांसमोर ओरडला, "तुमाला पगार पोरी शिकवायचा भेटतो का आमच्या घरात जीप आणायचा?" मॅडम मान वर करून उभ्या राहिल्या, हो म्हणाल्या नाहीत, नाही म्हणाल्या नाहीत. मी दहा पावलांवर पातेलं ढवळत होते. खालून लागल्याचा वास आला तरी ढवळतच राहिले. मुलांनी त्या दिवशी करपलेली खिचडी खाल्ली. दूधवाल्यानं मॅडमचं दूध बंद केलं. घरमालकानं खोली रिकामी करायला सांगितली. समितीनं बदलीचा ठराव केला, आणि त्या बैठकीला चहा मी केला, वेलची घालून.

काल रविवार होता. भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी बांधून मी मॅडमच्या खोलीवर गेले. त्या पुस्तकं पोत्यात भरत होत्या. मी दारातच म्हटलं, "मॅडम, फोन मी केला व्हता. उद्या मी सांगते समद्यांला." त्या म्हणाल्या, "मावशी, मला त्याच दिवशी कळलं. नंबर दिसतो की फोनमध्ये." मी विचारलं, "मग बोलला का न्हाई?" त्यांनी पोत्याचं तोंड आवळलं आणि माझ्या हातातला डबा घेतला. "मी जाईन दुसऱ्या शाळेत. नोकरी माझ्यासोबत येते. तुम्ही कुठं जाल? तुम्ही गप्पच राहा." मग त्यांनी भाकरी उलगडली आणि चटणीला तेल आहे का विचारलं. तिखटानं नाक पुसत त्या जेवल्या आणि मी समोर बसून राहिले. नको म्हणायला, तरीही सांगते म्हणायला, माझ्याकडे पुष्कळ वेळ होता.

हे कागद मी आता चुलीत घालीन. नवऱ्याच्या हाती लागायला नकोत, आणि तुम्हाला पाठवायचे तरी कुठं? मॅडम शनिवारी जाणार आहेत. मी अजून कुणाला काही सांगितलेलं नाही, शनिवारपर्यंत सांगेन असंही मला वाटत नाही. एवढं मात्र तुम्हाला सांगायचं होतं. त्यांनी "गप्पच राहा" म्हटलं ना, बाई, तेव्हा मला आधी हायसं वाटलं. इतकं हायसं की मी त्यांना आणखी एक भाकरी वाढली. लाज वाटली, पण ती घरी पोचल्यावर.